उरलेल्या पेशींचा हिशोब

लघवीतून एक दिवस लालसर जातं. दुखत काही नाही, जळजळ नाही, दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. मुंबईच्या नाहूर-भांडुपकडचा साठीतला माणूस अशा वेळी उन्हाळी लागली असेल म्हणतो, धण्याचं पाणी पितो आणि विसरून जातो. दोन-चार महिन्यांनी पुन्हा तेच झालं की मग सोनोग्राफी, मग दुर्बीण, आणि मूत्राशयाच्या आतल्या भिंतीवर झुपकेदार वाढ. दुर्बिणीतूनच ती खरवडून काढतात. तुकडे पॅथॉलॉजीकडे जातात आणि अहवालातल्या एका ओळीवर पुढचं सगळं ठरतं: तुकड्यांत स्नायू आला आहे का, आणि आला असेल तर गाठीच्या पेशी त्यात शिरल्या आहेत का.

निदानाच्या वेळी चारांतल्या तिघांची गाठ अस्तरात किंवा त्याच्या लगेच खालच्या थरात असते. चौथ्याची स्नायूत गेलेली असते, आणि खरा पेच ह्या चौथ्याचा. एक वाट म्हणजे लघवीची अख्खी पिशवी काढून टाकायची, पुरुषांत तिच्याबरोबर प्रोस्टेटही, आणि आतड्याचा तुकडा वापरून लघवीला पोटावर वाट करून द्यायची. दुसरी वाट म्हणजे गाठ जमेल तितकी खरवडायची, मग केमोच्या जोडीने किरणांचा शेक द्यायचा आणि पिशवी जागेवर ठेवायची. ही दुसरी वाट ऐकली की घरचे हमखास विचारतात, ‘डॉक्टर, शेकाने गाठ मरेल ना? की चिडून जास्तच पसरेल?’

प्रश्न भाबडा वाटतो, पण किरणजीवशास्त्राचं कितीतरी काम ह्याच प्रश्नाभोवती झालेलं आहे. त्या कामावरून माझं जे मत बनलं आहे ते आधीच सांगतो. किरणं बहुतेक पेशी मारतात, त्यात वाद नाही. रोगाचा पुढचा प्रवास मात्र वाचलेल्या थोड्या पेशींवर ठरतो: त्या का वाचल्या, आणि वाचल्यावर त्यांना किती दिवस मोकळे मिळाले. मुंबईत आपण यंत्रांबद्दल आणि खर्चाबद्दल खूप बोलतो, ह्या मोकळ्या दिवसांबद्दल फारच कमी.

शेकाकडे वळण्याआधी, ही गाठ येते कुठून? सगळ्यात मोठा वाटा तंबाखूच्या धुराचा, मग सिगरेट असो की विडी. धुरातली रसायनं रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीबरोबर तासन्‌तास पिशवीत साठून राहतात, म्हणून फुप्फुसाप्रमाणेच हा अवयवही त्यांचा मारा सोसतो. दुसरा वाटा कामाच्या जागेचा. १८९५ साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या. पुढे त्या कामातल्या काही अ‍ॅरोमॅटिक अमाइन रसायनांवर बोट ठेवता आलं. रबर उद्योगातलं काम आणि रंगाऱ्याचं काम ही दोन्ही आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या, म्हणजे निश्चित कर्ककारक, गटात आहेत. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना एके काळी रबर, रंग, औषधं, अभियांत्रिकी असे कारखाने उभे होते. त्यांतल्या बऱ्याच जागांवर आता टॉवर आहेत. कोण्या एका कारखान्याकडे बोट दाखवायचं कारण नाही. पण त्या पट्ट्यात तीस-तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या लघवीत रक्त दिसलं, तर डॉक्टरने ‘आधी काय काम करत होता?’ हे विचारायलाच हवं. हा रोग संपर्कानंतर दोन-तीन दशकांनीही उगवतो.

जाता जाता एक कोकणातली गोष्ट. इजिप्तमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचं मोठं कारण शिस्टोसोमा हा रक्तातला चपटा कृमी होता. भारतात तो नाही असंच मानलं जाई. १९५०च्या दशकात गाडगीळ आणि शाह ह्या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण तपासले आणि ह्या कृमीच्या संसर्गाचं एक केंद्र तिथे दाखवून दिलं. परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत गिमवीचं नाव आजही येतं, गुहागरच्या रस्त्याने जाणाऱ्यांना मात्र त्याचा पत्ता नसतो.

आता किरणं. त्यांची पहिली ओळख कारण म्हणूनच करून घ्यावी लागते, कारण ती गाठ बरी करतात तशी निर्माणही करतात. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांचा आणि तुलनेसाठी निवडलेल्यांचा मिळून सुमारे १ लाख २० हजार लोकांचा पाठपुरावा १९५० पासून चालू आहे. मात्रेच्या प्रमाणात ज्या अवयवांतला कर्करोगाचा धोका ठळकपणे वाढला, त्यांत मूत्राशय आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओटीपोटाला शेक घेतलेल्या स्त्रियांतही पुढे मूत्राशयाच्या गाठींचं प्रमाण काहीसं वाढलेलं आढळलं. ह्याच्या दुसऱ्या टोकाला केरळचं करुनागप्पल्ली. तिथल्या किनाऱ्याच्या वाळूत थोरियम आहे, त्यामुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग नेहमीपेक्षा बराच जास्त. तिथल्या ६९,९५८ रहिवाशांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले आणि कर्करोग वाढल्याचं त्यांत दिसलं नाही. मात्रा किती, किती वेळात आणि शरीराच्या कोणत्या भागाला, हे न सांगता ‘रेडिएशन’ हा शब्द वापरला की चर्चा भरकटते. सोसायटीच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरच्या लहरींत डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा नसते, तेव्हा ते भांडण ह्या लेखाच्या बाहेरचं.

उपचारात मात्रा मोजतात ग्रे ह्या एककात. एका ग्रेने एकेका पेशीत डीएनएचा एकच धागा हजारभर ठिकाणी आणि दोन्ही धागे चाळीसेक ठिकाणी तुटतात. एकेरी तूट पेशी सहज सांधते, कारण समोरचा धागा नमुना म्हणून शाबूत असतो. दुहेरी तूट सांधणं अवघड. ती चुकीची सांधली गेली की पेशी लगेच मरतेच असं नाही. पुष्कळदा ती दोन दिवस काही झालंच नाही अशा थाटात जगते, विभाजनाला लागते आणि तिथे अडकते. सूक्ष्मदर्शकाखाली मुख्य केंद्रकाशेजारी छोटी-छोटी केंद्रकं पडलेली दिसतात. वाटणीत मागे राहिलेले गुणसूत्रांचे तुकडे ते. शेक संपला त्याच दिवशी गाठ नाहीशी का होत नाही, ह्या रोजच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पेशी मारली जाते आज, मरते विभाजनाच्या वेळी.

म्हणून किरणजीवशास्त्रात ‘पेशी जिवंत आहे का’ असं विचारतच नाहीत, ‘तिला वंश वाढवता येतो का’ असं विचारतात. थिओडोर पक आणि फिलिप मार्कस ह्यांनी १९५६ साली रूढ केलेली चाचणी अजून तशीच वापरली जाते. काचेच्या बशीत मोजून पेशी पेरायच्या, किरणं द्यायची, दोन आठवडे उबवणीयंत्रात ठेवायच्या, मग जांभळा रंग ओतून धुवायच्या. तळाला जांभळे ठिपके उरतात. ज्या ठिपक्यात निदान ५० पेशी असतील ती वसाहत धरायची. शंभर पेरल्या, ऐंशी ठिपके अपेक्षित होते आणि चाळीस आले, तर निम्म्या वाचल्या. दोन ग्रेच्या एका मात्रेनंतर किती पेशी वाचतात हा आकडा प्रत्येक पेशीवंशाचा वेगळा असतो, आणि तोच सगळ्यात बोलका.

कागदावर हिशोब करून पाहा. एक घन सेंटिमीटर गाठीत साधारण १०० कोटी पेशी धरतात. दर मात्रेला निम्म्या वाचत असतील तर ३२ मात्रांनंतर उरतात १०० कोटी भागिले ४२९ कोटी, म्हणजे एकाहून कमी. गाठ संपली. आता निम्म्याऐवजी ६० टक्के वाचतात असं धरा. फरक दहाच टक्क्यांचा, पण ३२ मात्रांनंतर ८०च्या आसपास पेशी शिल्लक राहतात. ऐंशी पेशी ना स्कॅनवर दिसणार, ना दुर्बिणीत. वर्ष-दीड वर्षाने त्या गाठ म्हणून समोर येतात. दोन रुग्णांचा अहवाल एकाच शब्दांतला, यंत्र तेच, मात्रा तीच. एक बरा होतो, दुसऱ्याची गाठ परत येते. नशीब म्हणून आपण जे सोडून देतो त्यातला बराच भाग हा दहा टक्क्यांचा असतो.

हे दहा टक्के ठरतात कशावरून?

एक ठळक कारण प्राणवायू. किरणांनी डीएनएवर केलेली जखम प्राणवायू असला तर पक्की होते, नसला तर पेशी ती भरून काढते. प्राणवायू अजिबात नसलेल्या पेशीला तेवढंच नुकसान करायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. लुई ग्रे, ज्यांच्या नावाने हे एकक आहे, आणि थॉमलिन्सन ह्यांनी १९५५ साली फुप्फुसाच्या गाठींचे काप तपासून दाखवलं होतं की रक्तवाहिनीपासून जेमतेम दीडशे मायक्रॉनच्या पलीकडे गाठ आतून कुजायला लागते. त्या कुजलेल्या भागाच्या कडेला अर्धपोटी जगणाऱ्या पेशी असतात, त्याच किरणांना दाद देत नाहीत. मूत्राशयाच्या गाठींत हा प्रकार किती महत्त्वाचा आहे हे ब्रिटनमधल्या बीकॉन चाचणीने दाखवलं. पीटर हॉस्किन ह्यांच्या गटाने ३३३ रुग्णांपैकी निम्म्यांना शेकाच्या वेळी ९८ टक्के प्राणवायू आणि २ टक्के कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण श्वासावाटे दिलं, जोडीला निकोटिनामाइडच्या गोळ्या. तीन वर्षांनी ह्या गटात ५९ टक्के लोक हयात होते, नुसता शेक घेतलेल्यांत ४६ टक्के. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. इतक्या स्वस्त उपायाने इतका फरक पडत असताना तो जगभर का पसरला नाही, ह्याचं मला अजून नवल वाटतं. सिलिंडर आणि जीवनसत्त्वाच्या कुळातली गोळी विकायला कोणती कंपनी धावणार, हे एक कारण असावं.

दुसरं कारण दुरुस्तीची ताकद. दुहेरी तूट हेरणाऱ्या प्रथिनांत एमआरई-११ नावाचं एक प्रथिन आहे. अनन्या चौधुरी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली नोंदवलं की ज्यांच्या गाठीत ते कमी होतं त्यांना शेकाचा फायदा कमी झाला: तीन वर्षांनी ह्या रोगाने न दगावलेले ४३ टक्के, प्रथिन जास्त असलेल्यांत ६९ टक्के. शस्त्रक्रिया झालेल्यांत असा फरक नव्हता. शेक कोणाला आणि सुरी कोणाला, हे ठरवायची चाचणी सापडली अशी आशा निर्माण झाली. पुढे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत त्याच प्रथिनाचं रंगकाम एकसारखं येईना आणि आशा मावळली. शिवाय ह्या निष्कर्षात एक गोची आहे. दुरुस्ती करणारं प्रथिन कमी असेल तर पेशी शेकाने जास्त मरायला हव्यात, इथे उलट दिसलं. प्रथिन तूट हेरतं आणि पेशीला थांबायला किंवा मरायलाही सांगतं, अशी सारवासारव करता येते. पण मूत्राशयाची गाठ पाठ्यपुस्तकाबरहुकूम वागत नाही हे कबूल केलेलं बरं.

तशीही ती पाठ्यपुस्तकात पुष्कळ आधी शिरलेली आहे. टी-२४ हा मूत्राशयाच्या कर्करोगाचा पेशीवंश एका स्वीडिश स्त्रीच्या गाठीतून काढलेला. १९८२ साली माणसातलं पहिलं कर्कजनुक वेगळं केलं गेलं ते ह्याच पेशींतून. निरोगी जनुकात आणि ह्यात फरक निघाला एका अक्षराचा, त्यामुळे प्रथिनाच्या बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आलं. त्या एका अक्षराने पेशीला सतत ‘वाढ’ हाच निरोप मिळत राहतो. शेकाला दाद न देणाऱ्या पेशींचा अभ्यास करणारे आजही बशीत पुष्कळदा टी-२४च पेरतात. बशीतल्या निष्कर्षांकडे थोडं सावधपणे पाहायचं ते ह्यासाठीही. अर्धशतक प्लास्टिकवर वाढलेल्या पेशी आणि नाहूरच्या एखाद्या गृहस्थाच्या पिशवीतल्या पेशी ह्यांच्यात अंतर आहे.

आता ‘चिडून पसरेल का’ ह्याकडे येऊ. प्रयोगशाळेत असं काहीसं दिसतं, हे खरं आहे. मारायला अपुरी पडणारी मात्रा दिली की काही पेशीवंश एकमेकींना धरून राहणं सोडतात, लांबट होतात, जाळीतून पलीकडे सरकतात. पेशींच्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन वाढतं, त्याने प्रतिकारपेशी गप्प बसतात. मॅकगिल विद्यापीठातल्या वसीम कसूफ ह्यांच्या गटाने दोन गोष्टी पुढे आणल्या. एक, एचएमजीबी-१ हे प्रथिन गाठीच्या पेशींना दुरुस्तीला आणि स्वतःचाच मोडका माल पचवून तगायला मदत करतं. दोन, किरणांनंतर गाठीत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि आपल्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात. जंतू पकडायची ही जाळी गाठीला मात्र आडोसा देते. उंदरांत ती जाळी मोडली तेव्हा शेकाचा परिणाम सुधारला.

ह्याउलट जाणाऱ्या गोष्टीही त्याच किरणांतून घडतात. वर सांगितलेली ती छोटी केंद्रकं फुटतात, डीएनए पेशीद्रवात सांडतं, पेशीला वाटतं विषाणू शिरला, आणि ती प्रतिकारसंस्थेला हाक घालते. म्हणजे एकाच मात्रेतून हाकही जाते आणि तोंडही दाबलं जातं. कोणतं वरचढ ठरेल हे गाठीभोवती आधीपासून प्रतिकारपेशी किती आहेत त्यावर बरंचसं अवलंबून. पिशवी वाचवलेल्या रुग्णांच्या जुन्या नमुन्यांतही प्रतिकारपेशींची वर्दळ असलेल्या गाठींचा निकाल बरा दिसला आहे. पीडी-एल१चा हा मार्ग रोखणारी औषधं शेकाला जोडून मोठ्या चाचण्या चालू झाल्या त्या ह्याच तर्काने.

पण बशीतली पेशी सरकली म्हणून रुग्णात रोग पसरतो का? ह्याचं उत्तर रुग्णांतच शोधावं लागतं. पिशवी काढणं आणि वाचवणं ह्यांची चिठ्ठ्या टाकून सरळ तुलना करायचा ब्रिटनमधला प्रयत्न जेमतेम ४५ रुग्णांवर थांबला. पोटावर लघवीची थैली की शेक, हे चिठ्ठीवर सोडायला माणसं तयार होईनात, आणि त्यांचं काय चुकलं? म्हणून पुढचा चांगला पुरावा अलेक्झांडर झ्लोटा आणि सहकाऱ्यांचा, २०२३चा. दोन्ही वाटांना योग्य ठरले असते असे ७२२ रुग्ण त्यांनी वय, गाठीचा टप्पा वगैरे जुळवून तुलनेला घेतले. पाच वर्षांनी दूरवर रोग न पसरलेल्यांचं प्रमाण: पिशवी काढलेले ७४ टक्के, वाचवलेले ७५ टक्के. शेकाने रोग दूरवर उधळला असता तर हे दोन आकडे इतके शेजारी बसले नसते. घरच्यांच्या प्रश्नाला द्यायचं उत्तर माझ्या मते हेच. अर्थात हे निवडक रुग्ण होते: एकच गाठ, दोन्ही मूत्रवाहिन्या तुंबलेल्या नाहीत, अस्तरात ठिकठिकाणी पसरलेला रोग नाही.

ह्या निवडीला फार किंमत आहे, कारण किरणं सगळ्याच टप्प्यांवर रोगाची चाल रोखत नाहीत. स्नायूच्या अलीकडे थांबलेल्या पण उग्र गाठींवर ब्रिटनमध्येच २१० रुग्णांची चाचणी झाली. स्नायूत शिरण्याआधीच शेक दिला तर पुढची पायरी टळेल, अशी अपेक्षा होती. २००७ साली निकाल आला: काही फरक नाही. ह्या टप्प्यावर पिशवीत बीसीजी सोडणं हाच मुख्य उपचार राहिला. क्षयाच्या लसीतला तोच जिवंत जंतू पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ह्या कामासाठी बनवते. अपेक्षा का फसली असावी? अशा रुग्णांचं अख्खं अस्तरच बिघडलेलं असतं. आज इथे, वर्षाने तिथे. एका जागची गाठ मारून तो स्वभाव बदलत नाही.

स्नायूत शिरलेल्या रोगात किरणांना जोड मात्र लागतेच. बीसी-२००१ ह्या चाचणीत ३६० रुग्णांपैकी निम्म्यांना शेकाबरोबर फ्लुरोयुरॅसिल आणि मायटोमायसिन दिलं. दोन वर्षांनी पिशवीत आणि ओटीपोटात रोग न परतलेले ६७ टक्के, नुसत्या शेकावर ५४ टक्के. केमो इथे स्वतंत्रपणे मारत बसत नाही, पेशीला तूट सांधू देत नाही. ५० आणि ६० टक्क्यांचा तो हिशोब आठवा. केमो पेशीला साठावरून पन्नासाकडे ढकलते.

आणि आता दिवस. शेक चालू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी वाचलेल्या पेशी आधीपेक्षा वेगाने विभागू लागतात. भोवतालच्या मेल्या, अन्न-प्राणवायू मोकळा झाला, मरणाऱ्या पेशींनी वाढीचे संदेशही सोडले. पोलंडच्या माचिएयेव्स्की आणि मायेव्स्की ह्यांनी १९९१ साली मूत्राशयाच्या गाठींसाठी ह्याची किंमत काढली: उपचार सहाएक आठवड्यांच्या पलीकडे लांबला की दर जादा दिवशी ०.३६ ग्रे नुसती नवी भरती निस्तरण्यात जाते. आठवडाभर खंड पडला तर अडीच ग्रे, म्हणजे एका दिवसाच्या शेकाहून जास्त, वाया.

नाहूरहून परळला रोज जायचं म्हणजे काय, हे ह्या आकड्यासमोर ठेवून पाहा. नाहूरला फक्त धीमी गाडी थांबते. भांडुप, कांजूर, विक्रोळी करत दादर ओलांडून परळ, तिथून टाटा मेमोरियल हॉस्पिटल. शेक पाच मिनिटांचा, दिवस अख्खा. सोबतीला मुलगा, म्हणजे त्याची रजा. जुन्या पद्धतीने ६४ ग्रे ३२ दिवसांत, शनिवार-रविवार धरून साडेसहा आठवडे, आणि त्यात पावसाळ्यात रूळ पाण्याखाली गेले, यंत्र बंद पडलं, गणपती आले, रुग्णाला जुलाब लागले. चार-पाच दिवस सहज निसटतात, आणि निसटतात ते नेमके शेवटच्या आठवड्यांत, जेव्हा पेशी सगळ्यात घाईत असतात. आपल्याकडे ‘दोन दिवस नाही गेलं तर काय बिघडतं’ हे रुग्णच म्हणतात असं नाही.

ह्यावर उपाय वीस दिवसांच्या वेळापत्रकाचा: ५५ ग्रे, चार आठवड्यांत. बीसी-२००१ आणि बीकॉन ह्या दोन्ही चाचण्यांतल्या ७८२ रुग्णांची माहिती एकत्र करून २०२१ साली चौधुरींच्याच गटाने दाखवलं की हे छोटं वेळापत्रक कुठे कमी पडत नाही, उलट आक्रमक रोग पिशवीत किंवा ओटीपोटात परतण्याचं प्रमाण त्यात कमीच आहे, आणि त्रास जास्त नाही. बारा खेपा वाचतात आणि पेशींना मोकळे दिवसही मिळत नाहीत. पूर्व उपनगरांतल्या रुग्णाने डॉक्टरांशी बोलताना हा प्रश्न स्वतःहून काढावा असं मला वाटतं.

पिशवीची आणखी एक खोड आहे: ती जागेवर राहत नाही. भरते, रिकामी होते, शेजारच्या आतड्यात वायू झाला की कलते. काल जिथे गाठ होती तिथे आज किरणं नेमली तर गाठीचा काठ कोरडा राहायचा आणि आतडं भाजायचं. टाटा मेमोरियलमध्ये वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी ह्यावर जे काम केलं ते ह्या सगळ्या विषयात आपल्या शहराचं स्वतःचं म्हणता येईल असं आहे. एकाच रुग्णासाठी लहान पिशवीपासून मोठ्या पिशवीपर्यंत अनेक आराखडे आधीच करून ठेवायचे. रोज सकाळी तंत्रज्ञ विचारणार, ‘काका, लघवी करून आलात ना?’ काका पलंगावर उताणे. गुडघ्यांखाली आधार, ओटीपोटावर गोंदलेले ठिपके प्रकाशाच्या रेघांशी जुळवलेले. यंत्र त्यांच्याभोवती एक फेरी मारून छोटा स्कॅन काढतं, आणि पडद्यावर आजच्या पिशवीवर एकेक आराखडा ठेवून पाहतात. सगळ्यात नेमका बसेल तो आजचा. मग दार बंद, आणि किरणं. अख्ख्या पिशवीला ६४ ग्रे, आणि जमेल तिथे गाठीच्या जागेला ६८पर्यंत. ४४ रुग्णांचे निष्कर्ष २०१६ साली आले: तीन वर्षांनी ७८ टक्क्यांत पिशवी आणि ओटीपोटातला रोग आटोक्यात, ६७ टक्के हयात. एका संस्थेचे आणि थोड्या रुग्णांचे आकडे आहेत हे खरं, पण परदेशातल्या मोठ्या केंद्रांच्या पंक्तीला बसणारे आहेत. त्याच गटाने पिशवी काढल्यानंतर ओटीपोटाला शेक द्यावा का हा इजिप्तमध्ये पूर्वी तपासलेला प्रश्न ‘बार्ट’ ह्या नावाच्या बहुकेंद्री भारतीय चाचणीत नव्याने हाती घेतला. पिशवी गेली तरी भोवती उरलेल्या पेशींचा प्रश्न उरतोच, हे तिच्या मुळाशी आहे.

हे सगळं यंत्राशिवाय होत नाही, आणि त्या बाबतीत मुंबईची परंपरा बरी आहे. टाटा हॉस्पिटल १९४१ सालचं, १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र बनवलं. पवईच्या आयआयटी आवारातल्या समीर ह्या संस्थेने देशी रेषीय त्वरक, म्हणजे लिनॅक, केला, त्यातला एक सेवाग्रामच्या रुग्णालयात गेला. कोबाल्टचा स्रोत सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणजे तीच मात्रा द्यायला वेळ वाढतो. तरी वीज आणि सुटे भाग ह्यांची वानवा असलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी तो दणकट पर्याय आहे. पण रोजच्या स्कॅनवर आराखडा निवडायचा तर त्वरकच लागतो, आणि मूत्राशयाला, निदान माझ्या मते, त्याशिवाय पिशवी वाचवण्याचा घाट घालू नये. ज्याच्या जिल्ह्यात तो नाही त्याला परळला यावं लागतं, धर्मशाळेत जागा शोधावी लागते, आणि खेपांचा प्रश्न नाहूरच्या माणसापेक्षा कितीतरी पटीने बिकट होतो.

शेक संपल्यावर तीनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, गाठीच्या जागेचा तुकडा आणि स्कॅन. तोवरचा काळ अवघड असतो. लघवीला सारखं जावं लागतं, अधूनमधून रक्तही दिसतं, आणि ते गाठीचं की भाजलेल्या अस्तराचं हे नुसतं पाहून कळत नाही. तुकडा स्वच्छ आला तर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग लांबवत नेत, पण आयुष्यभर तपासणी. काहींना वर्षांनंतर पिशवी आकसण्याचा किंवा रक्त जाण्याचा त्रास होतो, त्यासाठी दाबाखालच्या प्राणवायूचा उपचार आहे. झ्लोटांच्या रुग्णांत वाचवलेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांची पिशवी पुढे काढावीच लागली. हा आकडा अपयशाचा म्हणून सांगतात. पण त्या १३ टक्क्यांत उरलेल्या पेशी वेळेवर सापडल्या, त्या दर तीन महिन्यांच्या दुर्बिणीमुळेच. पिशवी वाचवायची ठरवताना रुग्णाला शेकाचे दिवस सगळे सांगतात, ही दुर्बीण नीट सांगत नाहीत. आणि गावी परतलेला, बरं वाटणारा माणूस पहिली चुकवतो ती तीच.